शांतीबाईंच्या गाडीची ब्रेकची नळी

शांतीबाईंचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहतो, त्यामुळे घड्याळ न बघता हे कळतं. आधी खालच्या दाराची कडी वाजते. मग थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. त्या वेळात त्या बॅटरी घेऊन आपल्या व्हॅनभोवती फिरतात. चाकं पायानं दाबतात, पेट्रोलच्या झाकणाचं कुलूप ओढून बघतात, मागच्या दाराला रात्री बांधलेला दोरा तुटला नाही ना, ते पाहतात. मगच गाडी चालू होते आणि मासळी घ्यायला मुंबईत भाऊच्या धक्क्याकडे निघते. सातच्या सुमारास माल घेऊन परत येतात, मुलीला, दिशाला, शेजारी बसवतात आणि खारघरला जातात. दिशाला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचं आणि तिथल्या सोसायट्यांमध्ये मासे विकायचे. दुपारी घरी.

मी मूळचा साताऱ्याकडचा. महाप्याला हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या कारखान्यात पाइप फिटर होतो. नळी कापायची, वाकवायची, तिचं तोंड फुलवायचं, नट आवळायचा, दाब देऊन गळती बघायची. निवृत्त होईपर्यंत एवढंच काम केलं. सारसोळ्यात, या खाडीकाठच्या कोळीवाड्यात, खोली दिली ती नामा कोळ्यानं, शांतीबाईंच्या नवऱ्यानं. नामा गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता खोली सोडावी लागणार. शांतीबाईंनी विचारलं, नवीन भाडेकरू तुमच्यापेक्षा बरा निघेल याची काय खात्री? मी राहिलो.

त्यांना संशयी म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. त्यात खोटं काही नाही. पण त्यांचा धंदाही बघितला पाहिजे. शिळ्या सुरमईच्या कल्ल्यात लाल रंग चोळणारे लोक त्यांनी पाहिलेत. वजनाच्या काट्याखाली लोहचुंबक चिकटवणारे पाहिलेत. बर्फाच्या लादीत पोकळी ठेवणारे पाहिलेत. कोणी मासा ताजा आहे म्हणालं तर त्या आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, मग कल्ल्यात बोट घालतात. बोट घालायच्या आधी त्या कुणाला हो म्हणत नाहीत. माझ्या मते हे कष्टाचंच काम आहे. बहुतेक लोक आळसापायी विश्वास ठेवतात.

नामा होता तोवर त्यांचा माल पुतण्याच्या टेम्पोतून जायचा. पुतण्याचं नाव निकेश. नामाच्या थोरल्या भावाचा मुलगा, घर पलीकडच्याच गल्लीत. नामा गेल्यावर शांतीबाईंना वाटू लागलं की टेम्पोत चढवलेले मासे आणि उतरवलेले मासे सारखे नसतात. एकदा त्यांनी आपल्या पापलेटांच्या शेपट्यांना बारीक चीर दिली आणि खारघरला उतरवताना चिरा तपासल्या. काय निघालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्या गाडी शिकल्या, जुनी व्हॅन घेतली आणि निकेशशी बोलणं बंद केलं. निकेशनं खारघरच्याच नव्या टॉवरांत फोनवर ऑर्डर घेऊन मासे पोचवायला सुरुवात केली. मग तर विषयच संपला.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. बोटी सुटल्या होत्या, माल भरपूर येत होता. एका सकाळी खारघरला उड्डाणपुलावरून उतरताना शांतीबाईंनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ब्रेकचा मार्ग वेगळा असतो, म्हणून थोडासा ब्रेक उरला होता. मागे भरलेले टब, वर बर्फ. तेवढ्या ब्रेकनं ती गाडी थांबण्यासारखी नव्हती. त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि चाक फुटपाथच्या कडेला घासत नेलं. गाडी थांबली. मागचा टब सरकून पुढे आला, बर्फाचं पाणी आणि कोळंबी दिशाच्या मांडीवर सांडली. दिशाचं कपाळ समोर आपटून टेंगूळ आलं. तेवढ्यावर निभावलं.

दिशानं घाबरून पहिला फोन निकेशला केला. तो टेम्पो आणि दोरखंड घेऊन लगेच आला. गाडी ओढून घरी आणली. उतरल्यावर म्हणाला, काकी, गाडी नीट होईपर्यंत तुझा खारघरचा माल मी टाकतो.

हे वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी शांतीबाई वर माझ्या खोलीच्या दारात आल्या. त्या सहसा वर येत नाहीत.

"भाऊ, माज्या गारीचा ब्रेक कोनीतरी तोरलाय."

त्यांच्या बोलीत गाडीची गारी होते. मी विचारलं, कशावरून?

"कशावरून म्हंजे? माजी गारी बंद पडली का खारघर कोनाला मिलतंय? तो लगेच कसा आयला? दोर घेऊनच कसा आयला?"

दिशानं फोन केला म्हणून आला, असं मी म्हणालो. टेम्पोत दोर असतोच. त्यांनी ते ऐकलं नाही. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन निकेशच्या नावानं तक्रार देणार, असं त्यांनी ठरवलं होतं. आवाज चढला नव्हता. उलट नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या.

"दिशा बाजूला बसली व्हती, भाऊ. मी एकटी असते तं सोरून दिलं असतं. आता मना कलल्याशिवाय ती पोर त्या गारीत बसनार नाय."

कारण कळल्याशिवाय दिशाला गाडीत बसवणार नाही, हे मला पटलं. तक्रारीचं पटलं नाही. मी म्हणालो, वहिनी, आधी नळी बाहेर काढू. कापली असेल तर कापल्यासारखी दिसेल, फुटली असेल तर फुटल्यासारखी. कापलेली निघाली तर मी स्वतः तुमच्याबरोबर ठाण्यात येतो. त्यांनी विचार केला आणि तोवर थांबायचं कबूल केलं. तोवर, हा शब्द दोनदा वापरला.

गाडी गॅरेजला न्यायला त्या तयार नव्हत्या. गावातला मेकॅनिक निकेशच्या मंडळातला. बाहेरचा मेकॅनिक जुनी नळी भंगारात टाकून मोकळा होणार, मग पुरावा कुठे राहिला? म्हणून काम घरीच करायचं ठरलं. मी करणार, पण त्यांच्यासमोर. मी रविवारी निकेशबरोबर कॅरम खेळतो हे त्या विसरल्या नव्हत्या. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. आणि फुकट का करताय, तेही विचारलं. मी म्हणालो, गाडीच्या आवाजाशिवाय मला पहाटे जाग येत नाही. हे उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं माझ्याकडे नव्हतं.

सकाळी घरासमोरच्या सपाट फरशीवर गाडी घेतली. जॅकनं उचलून खाली टेकूला लोखंडी घोड्या दिल्या. घोड्या मी स्वतः जोडलेल्या आहेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली मी जात नाही, दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली, मग खाली गेलो. शांतीबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन पायाशी बसल्या. फाटकाला आतून कुलूप लावलं होतं.

ब्रेकची नळी पेन्सिलपेक्षा बारीक असते. पुढून निघते आणि गाडीच्या तळाला धरून मागच्या चाकांपर्यंत जाते. तिच्यातून तेल जातं. पायानं दाबलं की ते तेल चाकापाशी ब्रेक दाबतं. नळी गळली की दाब गेला. मी पुढून सुरुवात करून बॅटरीनं बघत मागे सरकत गेलो. खाली खारट, कुबट वास होता. मागच्या चाकाच्या अलीकडे तेलाचा ओला डाग दिसला. आणि त्याच जागी नळीवर राखाडी गोळा दिसला.

भोक बुजवायला दोन गोळ्या एकत्र मळून लावतात, ती लांबी. सुकली की दगड होते. गोळा सुपारीएवढा होता, एका बाजूनं तडकलेला. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. रेषासुद्धा दिसत होत्या.

मी खालीच थोडा वेळ पडून राहिलो. गाडी कारखान्यातून अशी येत नाही. कुणाचा तरी हात इथे लागला होता. सारसोळ्यातल्या प्रत्येक बोटीवर या लांबीचं पाकीट असतं. बोट शांतीबाईंकडे आता नाही. निकेशकडे आहे.

बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय दिसलं ते विचारलं. मी फोनवर काढलेला फोटो पुढे केला. त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, जमिनीवर आडव्या झाल्या आणि बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली गेल्या. गोळ्याला बोट लावून आल्या.

"हा अंगठा कोनाचा?"

मी म्हणालो, ब्रेक घालवायचा असेल तर माणूस नळीचं भोक बुजवेल कशाला? मोठं करेल.

"बुजवलं म्हंजे गावात ब्रेक लागतो. मी बघते, नीट हाय, जाते. आन् पुलावर माल घेऊन उतरले का सुटतो. तसंच झालं ना?"

तसंच झालं होतं. खरं सांगायचं तर त्या घडीला माझाही निकेशवर संशय गेला. माणूस चांगला कॅरम खेळतो, यावरून काही सिद्ध होत नाही.

पण ठरलं होतं ते नळी बाहेर काढायचं. नट गंजून एकजीव झाले होते. मी त्यांवर तेल सोडून वाट बघत बसलो. गंजलेल्या नटाशी घाई केली की त्याचे कोपरे झडतात आणि मग तासाचं काम दिवसावर जातं. आच देणारे असतात, पण शेजारून पेट्रोलची नळी जात होती. त्यामुळे तेल, थांबणं, हलके ठोके, पुन्हा तेल. शांतीबाई घड्याळ बघत नव्हत्या, माझे हात बघत होत्या. दुपारी पुढचा नट सुटला. मागचा सुटायच्या आधी नळीच माझ्या हातात तुटली. वाळलेली काडी मोडावी तशी मोडली.

तुकडे गोणपाटावर क्रमानं मांडले. आता उजेडात दिसलं. नळी एका जागी फुटली नव्हती. पुढून मागपर्यंत तिला पापुद्रे सुटले होते. नखानं टोकरलं की सोलून येत होते. खालच्या बाजूला जास्त, वरच्या बाजूला कमी. शेजारची पेट्रोलची नळी, हँडब्रेकच्या तारेचं कवच, गाडीच्या तळाचे जोड, सगळ्यांवर तोच प्रकार होता, कमीअधिक. कोणी कापून इतकं होत नाही. ॲसिड टाकून होईल, असं शांतीबाई म्हणाल्या. मी म्हणालो, ॲसिड टाकणारा एका जागी टाकतो. गाडीच्या पोटाखाली झोपून इकडून तिकडे रंग दिल्यासारखं कोण लावत बसेल? आणि मग मला त्यांचं गाडी धुणं आठवलं.

ते गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे टेम्पोवाले गाडी नळाच्या पाण्यानं धुतात. शांतीबाई भरतीच्या वेळी गाडी जेट्टीच्या उतारावर उलटी नेतात आणि खाडीचं पाणी बादल्या भरभरून आत मारतात, चाकांवर मारतात, खालून मारतात. नामा आपली होडी अशीच धुवायचा. होडीला खारं पाणीच लागतं. गोडं पाणी साचलं की लाकूड कुजतं, खाऱ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मासळीचा वासही खाऱ्या पाण्यानं जातो, असं कोळी म्हणतात, आणि जातोही. शांतीबाई गाडीची निगा होडीसारखी ठेवत होत्या. गोड्या पाण्याचा थेंब लागू देत नव्हत्या. त्यांच्याइतकी गाडी धुणारं दुसरं कोणी गावात नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्याइतकी गंजलेली गाडीही दुसरी नव्हती.

मी हे सांगितलं. खारं पाणी लाकूड राखतं, लोखंड खातं. त्यांना राग आला. नामानं जन्मभर केलेली गोष्ट मी चूक म्हणतोय, असं त्यांना वाटलं.

"बोटीचं इंजिन काय लाकराचं असतं?"

प्रश्न बरोबर होता. मी थोडा विचार करून म्हणालो, इंजिन दर वर्षी बोट ओढली की तुम्ही घासता, रंग देता, ग्रीस लावता. या नळीकडे गाडी घेतल्यापासून कुणी पाहिलं होतं का? त्यांनी एक पापुद्रा उचलला, बोटांत चुरला, जिभेला लावला. तोंड वाकडं केलं आणि थुंकल्या.

मग म्हणाल्या, "बरा. मीठ हाय. पन मग गोला कोनाचा?"

गोळा उरलाच होता. त्याचं उत्तर एकच माणूस देऊ शकत होता. मी निकेशला बोलावून आणलं. शांतीबाईंनी फाटक उघडलं नाही. तो बाहेर उभा राहिला, आम्ही आत. मी गोणपाट उचलून फाटकाजवळ आणलं. गोळा बघून त्याचा चेहरा उतरला. नाही म्हणेल असं मला वाटलं होतं.

"ते मी लावलंय, काकी."

"कला लावलंस?" त्यांच्या बोलीत कशालाचं कला होतं.

त्यानं सांगितलं ते असं. पंधरवड्यापूर्वी व्हॅन जेट्टीवर उभी होती आणि शांतीबाई बर्फ आणायला गेल्या होत्या. खाली तेल ठिबकताना त्याला दिसलं. बोटीच्या डिझेलच्या नळीला भोक पडलं की जे करतात तेच त्यानं केलं. फडक्यानं पुसलं, लांबी मळली, दाबून बसवली. ठिबकणं थांबलं. त्याला वाटलं काम झालं.

"मना सांगितलं कला नाय?"

"तू माज्याशी बोलतंस कुठं? आन् सांगितलं असतं तं तू काय बोलली असतीस? यानंच तोरली."

"आन् आता काय बोलतंय मी?"

त्या वेळी मला निकेशचा फार राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. डिझेलच्या नळीत दाब नसतो, ब्रेकच्या नळीत असतो. तिथे मळलेली लांबी म्हणजे धरणाच्या भोकाला पोळी लावणं. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. थेंब थेंब गळत राहिलं असतं तर जमिनीवर डाग दिसला असता, पेडल रोज थोडं खाली गेलं असतं. आणि ही बाई रोज पहाटे बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरते. तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्या गोळ्यानं डाग झाकला. तिच्या संशयाला दिसायला काही ठेवलं नाहीस, असं मी त्याला म्हणालो.

त्यानं मान खाली घातली होती. शांतीबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. मासा बघतात तशा. शेवटी म्हणाल्या, मला नको सांगू, टेंगूळ तिला आलंय, तिला सांग. दिशा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी मला मेसेज कर. मी आहे ना बोलायला."

फाटक शेवटपर्यंत उघडलं नाही. पण पोलीस ठाण्याची गोष्ट शांतीबाईंनी पुन्हा काढली नाही. गाडी बंद होती त्या दिवसांत निकेशनं काकीच्या खारघरच्या गिऱ्हाइकांना आपला नंबर वाटला का, ते मला आजही माहीत नाही. शांतीबाईंना विचारलं तर त्या वाटलाच म्हणतात.

नवी नळी आणायला त्या माझ्याबरोबर तुर्भ्याला आल्या. दुकानदारानं तांब्याची नळी पुढे केली. वाकवायला सोपी, गंजत नाही, सगळे तीच नेतात. मी नको म्हणालो. तांबं थरथरीनं कडक होतं आणि मग तडकतं. गाडीच्या तळाला थरथर सोडून दुसरं काय असतं? मुलामा दिलेली पोलादी नळी घेतली, नट नवे घेतले, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा घेतला. शांतीबाईंनी प्रत्येक नटात करंगळीचं नख घालून आटे बघितले आणि एक परत दिला. तो खरंच खराब होता.

घरी जुन्या नळीच्या तुकड्यांवरून मऊ तार वाकवून आधी साचा केला. मग नळी कापली, करवतीनं नाही, फिरत्या चाकाच्या कटरनं. करवतीचा कीस आत राहिला तर ब्रेकमध्ये जातो. कड साफ केली. नट आधी ओवला. हे विसरणारे खूप असतात, तोंड फुलवून झाल्यावर नट हातात राहतो. मग तोंड फुलवलं, दुहेरी. पहिलं वाकडं आलं. कापून टाकलं, पुन्हा केलं. शांतीबाईंनी विचारलं, एवढंसं वाकडं असलं तर काय होतं? मी म्हणालो, कदाचित काहीच होत नाही. कदाचित हा शब्द ऐकून त्यांनी मान हलवली. आमचं तेवढ्यापुरतं एकमत झालं.

नळी बसवली, पकडी लावल्या, तेल भरलं. पेट्रोलची नळीही त्याच वेळी बदलून टाकली. आता ब्रेकमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी बारीक नट ढिला करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. नट पुन्हा आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत जाते. दोघांना एकमेकांचं काही दिसत नाही. फक्त आवाज ऐकायचा.

शांतीबाई पेडलवर बसल्या. मी खालून म्हणालो, दाबा. त्या म्हणाल्या, दाबलं. मी नट सोडला. तेवढ्यात खरंच काही निघतंय का ते बघायला त्या पाय काढून खाली उतरल्या. पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा त्यांनी दाबून धरलं, पण मी आवळलं म्हटल्यावर त्यांना पटेना. आवळलं, की आवळतोय? तिसऱ्यांदा मी बाहेर आलो, हात पुसले आणि सांगितलं, वहिनी, या एका कामात मी तुमच्या शब्दावर चालतो आणि तुम्ही माझ्या. दुसरी पद्धत नाही. असती तर मी तीच वापरली असती.

त्यांनी स्टिअरिंग धरलं, पाय पेडलवर ठेवला आणि म्हणाल्या, "चला."

दाबा. दाबलं. सोडा. सोडलं. दूरच्या चाकापासून सुरू करून एकेक चाक केलं. सोडलेल्या नटातून आधी फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मग नुसतं तेल. ऊन उतरलं होतं. शेवटी पेडल वरच दगडासारखं घट्ट झालं. त्यांनी दोन्ही पायांनी, सीटला पाठ रेटून दाबलं. मी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. गल्लीत रिकामी गाडी हळू चालवून पाहिली, मग जेट्टीच्या उतारावर. गाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला कडी वाजली, मग शांतता, मग गाडी. मला बरं वाटलं. पण सात वाजता खिडकीतून बघितलं तर गाडी एकटीच खारघरला निघाली. दिशा पाठीवर सॅक टाकून बस स्टॉपकडे चालली होती. त्यानंतरही तेच. मी काही विचारलं नाही. पण जेवण गोड लागेना. नळी मी केलेली, हवा दोघांनी काढलेली, कागद कोरडा. तरी पोर बसनं जाते. गाडी आता गोड्या पाण्यानं धुतली जात होती, हे मी बघत होतो. म्हणजे मिठाचं त्यांना पटलं होतं. माझं पटलं नव्हतं.

मग एक दिवस त्या दुपारी उशिरा परत आल्या आणि सरळ वर आल्या. महाप्याला झहूरभाईंच्या गॅरेजला जाऊन आले, म्हणाल्या. झहूरभाई श्रीवर्धनकडचे, ना निकेशला ओळखतात, ना मला. मुद्दाम असा माणूस शोधला होता. कोणी काम केलं ते त्याला सांगितलं नव्हतं. गाडी वर उचलून त्यानं नळी पुढून मागपर्यंत हातानं चाचपली. जोड बघितले, पकडी बघितल्या.

"सगला बरोबर हाय बोलला. एके ठिकानी घासत व्हती. टाकीच्या पट्टीला. त्यानं रबर टाकून क्लिप मारली."

मला ते आवडलं नाही. मी लगेच खाली गेलो, गाडीखाली आडवा झालो, बॅटरी लावली. रबर बाजूला सारून बघितलं, पेट्रोलच्या टाकीच्या पट्टीच्या कडेला नळी टेकत आली होती. एवढ्या थोड्या दिवसांत मुलामा तिथे चकाकायला लागला होता. वर्षभरात तिथून पुन्हा गळली असती. ती कड सहज दिसत नाही, हात घालून चाचपावं लागतं. नळी बसवताना मी ती नुसती डोळ्यांनी बघितली होती.

कारखान्यात फिटरनं केलेली नळी तोच फिटर पास करत नसे. तपासणारा वेगळा असायचा, आणि तो आमचा मित्र असला तरी दाब देताना आम्हाला बाजूला उभं करायचा. इतकी वर्षं त्या पद्धतीत काम केलं आणि त्यात अपमान आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सारसोळ्यात तपासणारा कोण, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. शांतीबाईंनी विचारलं होतं.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि म्हणालो, बरोबर केलंत. त्या म्हणाल्या, "मना ठाव हाय."

दुसऱ्या दिवशी सात वाजता दिशा आईशेजारी बसून गेली. टब पुढे सरकू नये म्हणून तिनं मागे आडवी फळी लावून घेतली होती. त्या आठवड्यात पहाटे उठून, धक्क्यावर वाकून, खारघरच्या उन्हात उभं राहून शांतीबाईंनी जे मिळवलं, त्यातलं बरंचसं झहूरभाईंना गेलं. म्हणजे माझं काम दुसऱ्याच्या हातानं तपासून घेण्यासाठी गेलं.